गिल्गमेशवर २४ मिनिटांचं एकच गाणं करतोय, नवव्या मिनिटानंतर सगळं सपाट होतंय, काय करू?

काळोख_आणि_तार

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं मिळून अॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल (वातावरण उभं करणारं, लांब, काळोखं मेटल) करतो. गिटार, बेस आणि आवाज माझा, कीबोर्ड आणि ड्रम प्रोग्रॅमिंग मित्राचं. गिल्गमेशची गोष्ट, म्हणजे उरुकच्या राजावरचं मेसोपोटेमियातलं प्राचीन काव्य, मी लहानपणी संक्षिप्त रूपात वाचली होती, तेव्हा राक्षस मारला आणि पूर आला एवढंच लक्षात राहिलं. गेल्या वर्षी ते काव्य ज्यांवर कोरलंय त्या सगळ्या मातीच्या पाट्यांचं पूर्ण भाषांतर हातात आलं आणि गिल्गमेशचा जिवलग मित्र एन्किडू मरतो तिथे मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं, दोन दिवस परत उघडवलं नाही. गिल्गमेश सहा दिवस आणि सात रात्री त्याला पुरू देत नाही, नाकातून किडा बाहेर पडतो तोपर्यंत. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं दुःख इतकं उघडं असेल असं वाटलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की यावर गाणं करायचं आणि तुकडे नाही करायचे, एकच सलग.

आता मांडणी अशी आहे: अँबियंट सुरुवात अडीच मिनिटं, उरुक शहर आणि गिल्गमेश ४, एन्किडू येतो, कुस्ती, मैत्री ३, देवदारवन आणि तिथला राक्षस हुंबाबा ५, स्वर्गाचा बैल २, एन्किडूचा मृत्यू ३, सूर्याचं भुयार दीड, महापूर २, साप आणि परत येणं १. एकूण २४. सगळं १६० बीपीएमवर (मिनिटाला १६० मात्रा), ट्रेमोलो (एकाच सुरावर भराभर पिक मारणं) आणि ब्लास्ट बीट (ड्रमचा सलग जलद मारा), मृत्यूला फक्त अर्ध्या वेगात.

अडचण ही की एकेक रिफ (गिटारच्या सुरांचा छोटा तुकडा) सुटी ऐकली तर चांगली वाटते, मनापासून आवडते मला, पण सलग ऐकलं की साधारण नवव्या-दहाव्या मिनिटाला, देवदारवनात शिरायच्या आसपास, कान सोडून देतो. ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांनी तिथेच फोन हातात घेतला. नऊ गाणी एकमेकांना चिकटवल्यासारखं वाटतंय. शिवाय ड्रम टाइपरायटरसारखे वाजतात आणि शब्द १४० ओळींचे झालेत. आणि ते मराठीत लिहिलेत, ते ठेवू का इंग्रजी करू हेही कळत नाहीये.

लांबी कमी करा हा सल्ला मिळालाय, पण मला लांबी कमी करायची नाहीये, ती कमवायची आहे.

दीड_सप्तक

तुमची यादी वाचली आणि दुखणं तिथेच दिसलं. नऊ प्रसंग, नऊ रिफ, आणि एकही परत येत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याला दर अडीच-तीन मिनिटांनी नव्या माणसाची ओळख करून द्यायची आणि तो लगेच निघून जायचा. चार-पाच ओळखींनंतर कोणीही नावं लक्षात ठेवायचं सोडतो, तुमचे मित्र फोन काढतात ते याच कारणाने, त्यांना बोल लावू नका.

या प्रकारच्या संगीतात लांबी घटनांनी भरत नाही, एका जागी राहून भरते. विलंबित ख्याल घ्या, बंदिश दोन ओळींची असते आणि चाळीस मिनिटं राग उलगडत जातो, पुढे काय झालं असं कोणी विचारत नाही कारण सगळ्यांचं लक्ष या सुरावर आत्ता काय चाललंय तिकडे असतं. मूनसॉरो या फिनिश बँडचा २००७ चा अल्बम आहे, त्यात दोनच गाणी, एक ३० मिनिटांचं आणि एक २६ च्या आसपास, आणि ते शेवटपर्यंत ऐकवतं कारण ते घाई करत नाहीत, एखादी धून आली की तिला पुरेशी जागा देतात आणि बऱ्याच वेळाने तीच धून वेगळ्या उजेडात समोर येते.

माझ्या मते तीन धुना ठेवा. एक शहराची, म्हणजे भिंतींची. एक मैत्रीची. एक मरणाची. बाकी सगळं यांच्यातूनच काढा, देवदारवनाची रिफ मैत्रीच्या धुनेतूनच निघाली पाहिजे कारण तिथे ते दोघं सोबतच गेलेत, हुंबाबासाठी वेगळा राक्षसी रिफ करायचा मोह होतो पण टाळा.

आणि एक गोष्ट करून बघा, मला स्वतःला ऐकायला आवडेल. मैत्रीची धून दोन गिटारवर लिहा, खालची गिल्गमेशची आणि वरची एन्किडूची, थर्डच्या (तिसऱ्या सुराच्या) अंतराने, आणि ती जोडी देवदारवनभर सोडू नका, इतकी वेळ वाजवा की कानाला ती एकच गिटार वाटायला लागेल. मग एन्किडू मेल्यावर तीच धून वाजवा पण वरची गिटार काढून टाका. फक्त खालची ओळ. हार्मनीतली खालची ओळ एकटी वाजली की अपुरी वाटते, कान वरचा सूर शोधत राहतो आणि तो येत नाही. त्या जागी शब्दांची गरज पडणार नाही.

शिलालेख_वाचक

मला वाद्य येत नाही, वाचनाच्या बाजूने लिहितो. मांडणी वाचून वाईट एकाच गोष्टीचं वाटलं, तुम्ही सूर्याच्या भुयाराला दीड मिनिट दिलंय. तेच तर तुमचं गाणं आहे.

नववी पाटी पुन्हा काढा. एन्किडू गेल्यावर गिल्गमेशला स्वतःच्या मरणाची भीती बसते, तो भटकत माशू पर्वतापाशी येतो, तिथे दारावर विंचूमाणसं पहारा देतात आणि आत सूर्याची वाट आहे, बारा 'बेरु' लांब. बेरु हे अंतराचंही माप आणि वेळेचंही, एक बेरु म्हणजे आपले दोन तास, बारा म्हणजे पूर्ण दिवस-रात्र. तो आत शिरतो आणि कवी काय करतो, तर प्रत्येक बेरुला जवळपास तीच ओळ परत म्हणतो. एक बेरु झाला, अंधार दाट, उजेड नाही, मागे वळलं तरी काही दिसत नाही. दुसरा झाला, अंधार दाट, उजेड नाही. तिसरा, चौथा, असंच. घाईत वाचणारा इथे पानं उलटतो, पण मोठ्याने वाचून बघा, सहाव्या-सातव्या वेळी छाती जड होते. त्या जुन्या लेखनिकाला माहीत होतं की अंधार वर्णन करून दाखवता येत नाही, ऐकणाऱ्याला त्यात चालवावं लागतं.

आणि मग फार थोडं बदलतं. नवव्या बेरुला उत्तरेचा वारा तोंडाला लागतो. एवढंच. अंधार तसाच. अकराव्यानंतर एकच बेरु उरतो आणि बाराव्याला तो सूर्याच्या आधी बाहेर पडतो, समोर रत्नांच्या झाडांची बाग, लाल मण्यांची फळं, निळ्या लाजवर्दाची पानं. तुमच्या ब्लॅक मेटलवाल्यांना ट्रेमोलोची एकच ओळ दहा मिनिटं का वाजवावी हे ज्यांना समजावावं लागतं ना, त्यांना ही पाटी वाचायला द्या.

ती मूळ अक्कादी (मेसोपोटेमियाची जुनी भाषा) ओळ देवनागरीत साधारण अशी येईल: 'शपात एक्लेतुम्मा, उल इबश्शी नूरु'. दाट आहे अंधार, नाही उजेड. शेवटचा शब्द बघा. अक्कादी 'नूरु' आणि अरबी 'नूर' एकाच कुळातले, आणि तो अरबी नूर फारसीवाटे आपल्याकडे आला, चेहऱ्यावरचा नूर म्हणतो तो. इतक्या लांबच्या ओळीतला शेवटचा शब्द मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतो. म्हणून शब्द मराठीत आहेत ते ठेवाच, आणि ही एक ओळ मूळ भाषेत ठेवा, बारा वेळा.

अजून दोन गोष्टी. महापूर काढला तरी चालेल, ती कथा मुळात वेगळ्या काव्यातून, अत्राहसीसच्या काव्यातून, इथे आणलेली आहे असं अभ्यासक मानतात, आणि दोन मिनिटांत पूर मावत नाही. दुसरं, शेवट. अकराव्या पाटीच्या शेवटी तो हात हलवत परत येतो आणि उरुकच्या भिंती दाखवतो, चढून बघ, पाया तपास, विटा भाजलेल्या आहेत का बघ, आणि हे शब्द पहिल्या पाटीच्या सुरुवातीला जे आहेत तेच आहेत. म्हणजे कवीने वर्तुळ तुम्हाला आयतं करून दिलंय. पहिल्या भिंतींच्या धुनेवरच संपवा.

जाता जाता, मूळ काव्य कोणाच्या मालकीचं नाही पण आधुनिक भाषांतर भाषांतरकाराचं असतं. तुमच्या १४० ओळी एखाद्या छापील भाषांतरावरून शब्दशः उतरल्या असतील तर त्या तुमच्या शब्दांत परत लिहा.

काळोख_आणि_तार

@शिलालेख_वाचक मी ती पाटी वाचली होती आणि खरं सांगतो, पानं उलटणाऱ्यांतलाच होतो. काल रात्री दिवा बंद करून मोठ्याने वाचली. दीड मिनिट दिलं याची खंत वाटली.

@दीड_सप्तक वरची गिटार काढायची कल्पना लगेच करून पाहिली, कच्चं रेकॉर्डिंग आहे पण मित्र काही बोललाच नाही ऐकून, नुसता परत लाव म्हणाला.

एक शंका, एकच रिफ बारा वेळा म्हणजे आधीच कंटाळतायत त्यांना अजून कंटाळा नाही येणार?

उघडी_तार

येईल, जर सॉफ्टवेअरमध्ये एक फेरी रेकॉर्ड करून अकरा वेळा कॉपी-पेस्ट केली तर नक्की येईल. वरच्या दोघांशी मी बऱ्यापैकी सहमत आहे पण पुनरावृत्ती केली की आपोआप संमोहन होतं हा जो समज पसरलाय तो मला पटत नाही. अॅटमॉस्फेरिकच्या नावाखाली एक लूप आणि त्यावर भरमसाट रिव्हर्ब (घुमारा) असं खूप येतं आणि त्यात काही नसतं, दुसऱ्या मिनिटाला कळतं की करणाराच तिथे नव्हता.

म्हणून पहिली अट, बाराही फेऱ्या हाताने, एका दमात वाजवा. आधी हिशोब करा. १६० वर चार मात्रांचा एक बार दीड सेकंदाचा, १६ बारची रिफ २४ सेकंद, बारा फेऱ्या ४ मिनिटं ४८ सेकंद. मला विचाराल तर इथे वेग १२० वर आणा, मग रिफ ३२ सेकंदांची होते आणि भुयार ६ मिनिटं २४ सेकंदांचं. तो चालतोय ना, चालू दे त्याला. एवढा वेळ सलग ट्रेमोलो म्हणजे मनगट आणि कोपर दोन्ही भरून येतात, आठव्या फेरीपासून पिकचा मार थोडा विस्कटतो, आणि तो विस्कटलेला मार दुरुस्त करू नका, त्याच्यासाठीच तर हाताने वाजवायचं. दुखायला लागलं तर मात्र थांबा, दुसऱ्या दिवशी परत पहिल्या फेरीपासून घ्या.

दुसरी अट, प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदला आणि ती इतकी लहान ठेवा की बदललेलं लगेच कळू नये. पहिल्यात नुसती गिटार, दुसरीत बेस एका मोकळ्या सुरावर धरून ठेवा, हलवू नका. तिसरीत ड्रम, पण ब्लास्ट नाही, पावलांसारखं. मग बेस एक पायरी खाली. मग एका जागी कॉर्डमधला एकच सूर अर्ध्याने उतरवा. कीबोर्डचा कोरस सहावीला आणा आणि सातवीला काढा, आलेली गोष्ट गेली की अंधार जास्त वाटतो. ब्लास्ट आठवीला, एकदाच, कारण आता तो पळतोय. आणि नववीला वारा. वाऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज टाकू नका प्लीज, सगळे तेच करतात. तोपर्यंत सगळ्यात बारीक तारेला हातच लावू नका, आठ फेऱ्या, आणि नवव्या फेरीत पहिल्यांदा ती मोकळी तार वाजू दे, सगळ्यांच्या वर, एकटी. थंड लागेल.

बाहेर पडल्यावर मेजर कॉर्ड लावून सूर्योदय करायचा मोह आवरा. मी तिथे पूर्ण शांतता ठेवीन, एखादा श्वास, आणि मग बाग क्लीन गिटारवर, कॉर्डमधला थर्डच काढून टाका, नुसता मूळ सूर आणि पाचवा. आनंद का दुःख ते ठरत नाही. रत्नांची झाडं सुंदर आहेत पण ती खाता येत नाहीत आणि त्याला अजून पुढे जायचंय.

फेडर_खाली

मिक्सिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टाइपरायटरचा प्रश्न असा की तुम्ही मशीनकडून माणसाचं काम करून घेताय, सतत जलद ब्लास्ट, सगळे ठोके एकाच जोराचे. समनिंग हा ऑस्ट्रियन बँड बघा, दोघंच जण, टोल्किनच्या जगावर १९९५ पासून अल्बम काढतायत आणि ड्रम उघडउघड प्रोग्रॅम केलेले आहेत. पण ते खऱ्या ड्रमरची नक्कल करायलाच जात नाहीत, संथ, मोठे, रणभेरीसारखे ठोके, मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेत घुमणारा आवाज. ती शैली इतकी त्यांची झाली की २०१३ मध्ये कॅलाडन ब्रूड या अमेरिकन जोडीने त्याच वाटेने सहा गाण्यांचा तासाभराहून मोठा अल्बम केला, तोही एका कादंबरीमालेवर. तर भुयाराआधी ब्लास्ट फार कमी करा, जिथे ठेवाल तिथे ठोक्यांचा जोर हाताने वरखाली करा, स्नेअर दर चौथ्याला थोडा हळू, आणि झांजा निम्म्या करा, कारण झांज आणि ट्रेमोलो गिटार दोघी एकाच वरच्या पट्टीत भांडतात आणि २४ मिनिटं ते भांडण ऐकून कान थकतो. नवव्या मिनिटाला कान सोडून देतो म्हणालात त्यातला काही भाग नुसता हा शारीरिक थकवा असेल, रचनेचा दोष नसेलही.

रिव्हर्ब सगळ्यांवर एकच लांब लावलाय का? बहुतेक लावलाच असेल. गिटारला लांब, आवाजाला वेगळा, बेसला अजिबात नाही. आणि रिव्हर्बच्या चॅनलवर २५०-३०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, नाहीतर खाली चिखल होतो आणि त्याला लोक वातावरण समजतात. भिंतींची पहिली धून खरंच हळू आवाजात ठेवा, मास्टरिंगला सगळं एका पातळीला दाबू नका. सगळंच मोठं असलं की शेवटच्या फेऱ्यांना मोठं व्हायला जागाच उरत नाही.

ओळी १४० म्हणजे फार झाल्या. या आवाजात किंचाळी हे वाद्य आहे, त्यातून कथा कळत नाही, कळावी अशी अपेक्षाही करू नये. ४० ठेवा. आणि एखादी जागा साध्या बोलत्या आवाजाला द्या. आयर्न मेडन या बँडचं इंग्रज कवी कोलरिजच्या काव्यावरचं १९८४ चं पावणेचौदा मिनिटांचं गाणं आठवा, ब्लॅक मेटल नाही ते, पण मध्ये सगळं थांबतं, जहाजाचं लाकूड करकरतं आणि एक माणूस मूळ कवितेच्या ओळी बोलतो. काव्यावर लांब गाणं करणाऱ्याने ती जागा अभ्यासावी.

धुक्यातली_वाट

मी नुसती ऐकणारी आहे. मराठीत ठेवा, मीही हेच म्हणेन. उल्वरचा १९९५ चा पहिला अल्बम जुन्या वळणाच्या नॉर्वेजियनमध्ये आहे, मला एक शब्द कळत नाही, पण डोंगराने ओढून नेलेल्या मुलीची गोष्ट आहे एवढं माहीत होतं आणि मध्ये जिथे पियानो आणि जंगलातून पळणाऱ्या पावलांचा आवाज येतो तिथे माझा श्वास अडकतो, दरवेळी. आणि कल्ट ऑफ फायर या चेक बँडने २०१३ मध्ये अल्बमचं नावच देवनागरीत ठेवलं होतं. त्यांना आपली लिपी चालते मग आपल्याला का नको.

एकच विनंती, शब्द आणि प्रसंगांची दोन पानं सोबत द्या. ऐकताना हातात काहीतरी असलं की मी फोन घेत नाही.

काळोख_आणि_तार

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं वाचून जवळजवळ पहिल्यापासून केलं.

बैल गेला, पूर गेला, अँबियंट सुरुवात गेली, थेट भिंतींच्या धुनेवर सुरू होतं, एकच गिटार, हळू. भुयार ६ मिनिटं २४ सेकंद, १२० वर, हाताने. चौथ्या दिवशी पूर्ण बारा फेऱ्या नीट आल्या. आठवीनंतर खरंच विस्कटतं आणि तसंच ठेवलंय. मोकळी तार आली तेव्हा वाजवतानाच अंगावर काटा आला, आपणच लिहिलेलं असून. एकूण २२ मिनिटं २४ सेकंद झालं, म्हणजे लांबी तशी कमी झालीच नाही, पण ज्यांनी आधी फोन काढला होता त्यातल्या दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकाने विचारलं की मेल्यानंतर गिटारमध्ये काय गायब झालं. त्याला गोष्ट माहीतच नव्हती.

ओळी ४४ उरल्या. अक्कादी ओळ बाराही वेळा आहे, शेवटच्या दोनदा नुसती कुजबुज.

एका जागी मात्र आम्हा दोघांचं जुळत नाहीये. शेवटी भिंतींची धून परत येते तेव्हा मित्राला वाटतं की वरची गिटार, एन्किडूची ओळ, तिथे एकदा परत यावी, आठवण म्हणून. मला ते खोटं वाटतंय पण नुसती एक गिटार ठेवली तर सुरुवात आणि शेवट अगदी सारखे होतात आणि मध्ये काही घडलंच नाही असं वाटतं.

शिलालेख_वाचक

एन्किडूची ओळ नको. तो परत येत नाही, म्हणून तर हे सगळं काव्य आहे.

पण शेवटी गिल्गमेश एकटाही नाहीये. भिंती तो ज्याला दाखवतो तो उर्शनबी, नावाडी, मृत्यूच्या पाण्यावरून त्याला नेणारा, तो सोबत उरुकपर्यंत चालत आलाय. पहिल्या पाटीत तेच शब्द कवी वाचणाऱ्याला म्हणतो, शेवटी गिल्गमेश उर्शनबीला म्हणतो. शब्द तेच, समोर उभा आहे तो माणूस वेगळा. दुसरा आवाज हवाच असेल तर त्याचा द्या.

काळोख_आणि_तार

बेसवर देतो. आत्तापर्यंत बेस गिटारच्या मागेच चाललाय किंवा एका सुरावर उभा राहिलाय, स्वतंत्र ओळ त्याला कुठेच नाही. फार काही नको, खालून चार सुरांची साधी चाल, वल्ह्यासारखी, भिंतींची धून वर तशीच. मित्राला आत्ताच वाजवून पाठवलं, तो म्हणतोय संध्याकाळी येतो, रेकॉर्ड करून टाकू.